फ्रीव्ह्यू अडखळतंय? अँटेनाच्या बाबतीत या चुका टाळा

एकजण गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा खिडकीतून ओरडतोय, ‘आलं, आलं... गेलं, थोडं मागे घे!’ दूरदर्शनच्या जमान्यात ही पद्धत चालायची, कारण चित्रच सिग्नलची अवस्था सांगायचं. मुंग्या जितक्या जास्त, तितका सिग्नल कमजोर. ब्रिटनमध्ये 2012 साली अनालॉग प्रक्षेपण पूर्ण बंद झालं आणि ही खूणही संपली. फ्रीव्ह्यूचा, म्हणजे ब्रिटनमध्ये अँटेनावर फुकट येणाऱ्या टीव्हीचा, डिजिटल सिग्नल निम्मा झाला तरी चित्र तसंच लख्ख दिसत राहतं; मग आणखी जरासा उतरला की एकदम चौकोन पडतात, आवाज टकटक करत तुटतो आणि पडदा काळा होतो. म्हणजे आज चित्र छान आहे याचा अर्थ अँटेना ठीक आहे असा होत नाही. काठावर उभा असलेला सिग्नल पहिल्या पावसाला पडतो. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ चित्राकडे बघून सिग्नल ठरवण्यातच आहे.

आधी अपेक्षेबद्दल एक गोष्ट. फ्रीव्ह्यूवर बीबीसी, आयटीव्ही, चॅनल 4, चॅनल 5 आणि त्यांची भावंडं येतात. मराठी वाहिन्या या अँटेनावर येत नाहीत, त्यांच्यासाठी इंटरनेटचा किंवा डिशचा मार्ग धरावा लागतो. आणि चॅनल फुकट असले तरी थेट प्रक्षेपण बघायला टीव्ही लायसन्स लागतं.

चित्र बघणं, आकडे न बघणं

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंगच्या आसपास कुठेतरी सिग्नलची माहिती देणारं पान असतं. त्यावर दोन आकडे असतात: ताकद आणि गुणवत्ता. महत्त्वाचा आकडा गुणवत्तेचा. ताकद कमी आणि गुणवत्ता वरखाली होत असेल, तर दोष अँटेनात, वायरीत किंवा जोडणीत. ताकद भरपूर आणि तरी गुणवत्ता पडलेली असेल, तर सिग्नलमध्ये काहीतरी मिसळतंय किंवा सिग्नलच गरजेपेक्षा जास्त आहे. टीव्हीपाशी सिग्नल 45 ते 65 डीबी मायक्रोव्होल्टच्या (सिग्नल मोजायच्या मीटरवरचं एकक) दरम्यान हवा. टीव्हीवरची टक्केवारी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या 80 टक्क्यांशी आपले 60 टक्के ताडून बघण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, एकच चॅनल बघून निदान करू नका. मल्टिप्लेक्स म्हटलं की आपल्याला पॉपकॉर्न आठवतो, पण इथे त्याचा अर्थ एकाच लहरीवर बांधलेला चॅनलांचा गठ्ठा. मोठ्या ट्रान्समीटरवरून असे सहा गठ्ठे निघतात. बीबीसी वन एका गठ्ठ्यात, आयटीव्ही1 दुसऱ्यात, 101 नंबरवरचं बीबीसी वन एचडी तिसऱ्यात. तिन्ही लावून प्रत्येकाची गुणवत्ता लिहून घ्या. सगळी वाईट असेल तर अँटेना-वायर तपासा. एकच गठ्ठा वाईट असेल तर अँटेना हलवण्यापूर्वी थांबा. दोष त्या एका लहरीपुरता आहे.

101 च्या पुढचे एचडी चॅनल मुळात सापडतच नसतील, तर टीव्हीचा ट्यूनर जुना असू शकतो. एचडीचा गठ्ठा डीव्हीबी-टी2 पद्धतीचा आहे आणि 2010 च्या आधीच्या बहुतेक टीव्हींना ती कळत नाही. भारतातून सामानात आणलेल्या टीव्हीला मागे अँटेनाची जागा असते, पण आत नुसता अनालॉग ट्यूनर निघू शकतो. अमेरिकेतून आणलेल्या टीव्हीची तर प्रक्षेपण पद्धतच वेगळी. अशा वेळी अँटेनावर खर्च करू नका, फ्रीव्ह्यू एचडीचा सेट-टॉप बॉक्स घ्या.

शेजाऱ्याची डिश बघून दिशा ठरवणं

गल्लीतल्या सगळ्या डिश एकाच बाजूला, आग्नेयेला तोंड करून असतात, कारण त्या 28.2 अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे बघतात. त्याचा तुमच्या अँटेनाशी काडीचाही संबंध नाही. अँटेना बघते जमिनीवरच्या मनोऱ्याकडे. लंडन परिसराचा मोठा मनोरा क्रिस्टल पॅलेसचा, 219 मीटर उंच. वेम्बलीहून तो साधारण आग्नेयेला पडतो. हाउन्स्लो आणि स्लाऊहून जवळजवळ पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकून. काही भागांत एकाच रस्त्यावर दोन दिशांना अँटेना दिसतात: मिल्टन कीन्समध्ये कुणी सँडी हीथ धरतं, कुणी ऑक्सफर्ड. फ्रीव्ह्यूच्या संकेतस्थळावर पोस्टकोड आणि घर क्रमांक टाकला की कुठला मनोरा योग्य ते कळतं, त्यात गठ्ठ्यांचे चॅनल क्रमांकही (म्हणजे लहरींचे क्रमांक, रिमोटवरचे नव्हेत) मिळतात. ते लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

दिशेइतकाच काड्यांचा कल महत्त्वाचा. मोठे मनोरे बहुधा आडव्या लहरी सोडतात, म्हणून अँटेनाच्या काड्या जमिनीला समांतर हव्यात. डोंगराआडच्या वस्तीसाठी असलेले छोटे मनोरे, म्हणजे रिले, बहुधा उभ्या लहरी सोडतात, तिथे काड्या उभ्या. कल चुकला तर पंधरा-वीस डेसिबल सहज जातात, म्हणजे उरलेला सिग्नल शंभरातल्या एक ते तीन भागांइतका. आणि बहुतेक रिलेवर सहा नाही, तीनच गठ्ठे असतात. तिथे चॅनल कमी आले म्हणून अँटेनाला दोष देऊ नये.

अँटेनाच्या दांड्याच्या टोकाला रंगीत बूच असतं. लाल म्हणजे ए गट, चॅनल 21 ते 37. पिवळं म्हणजे बी गट, 35 ते 53. हिरवं म्हणजे सी-डी गट, 48 पासून वरचं. 2020 साली 48 च्या वरची जागा मोबाइलसाठी मोकळी केली गेली आणि टीव्ही 21 ते 48 मध्ये आटोपला. त्यामुळे छपरावर हिरव्या बुचाची जुनी अँटेना असेल तर ती आता नसलेल्या चॅनलांसाठी बनवलेली आहे. याउलट क्रिस्टल पॅलेसचे सगळे गठ्ठे 22 ते 30 मध्ये असल्याने लाल बुचाची वीस वर्षं जुनी अँटेनाही तिथे उत्तम चालते. नवी घ्यायची तर के गटाची, म्हणजे 21 ते 48 साठी बनवलेली घ्या. ‘4के अँटेना’ किंवा ‘200 मैल’ असं लिहिलेल्या चपट्या पट्ट्यांच्या नादी लागू नका; चित्र एचडी आहे की नाही याचा अँटेनाला पत्ताही नसतो.

बूस्टर हा सगळ्यावरचा उपाय समजणं

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. टीव्हीच्या मागे लावायचा बूस्टर सिग्नलबरोबर त्यातला गोंगाटही वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो. वायरीत हरवून गेलेला सिग्नल त्याला परत आणता येत नाही. चांगली तांब्याची दुहेरी कवचाची वायर, डब्ल्यूएफ100 सारखी, शंभर मीटरला साधारण 15 ते 20 डेसिबल खाते. म्हणजे वीस मीटरला तीन-चार. दोन टीव्हींसाठी साधा स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचे फाटे करणारी जोडणी, लावला की आणखी सुमारे चार डेसिबल, चार टीव्हींसाठी आठ. ही तूट भरायची तर बूस्टर अँटेनापाशी, खांबावर हवा, गोंगाट मिसळण्याआधी.

त्या खांबावरच्या बूस्टरला वीज त्याच वायरीतून वर जाते. क्रम असा: अँटेना, बूस्टर, खाली उतरणारी वायर, वीजपुरवठ्याची डबी, मग स्प्लिटर, मग टीव्ही. डबीच्या आणि बूस्टरच्या मध्ये स्प्लिटर आला तर वीज पुढे जाऊ देणारी बाजू असलेलाच हवा. भाड्याच्या घरात नेहमी होणारा घोटाळा असा: आधीच्या भाडेकरूने कपाटात किंवा पोटमाळ्यावर प्लगला लावून ठेवलेली एक छोटी डबी ‘ही कशाला?’ म्हणून काढली जाते आणि सगळे चॅनल गायब होतात. वीज बंद झालेला बूस्टर सिग्नल वाढवत तर नाहीच, उलट अडवतो. नव्या घरात टीव्ही चालत नसेल तर आधी ही डबी शोधा.

मनोऱ्याच्या जवळ, नॉरवूड-सिडनहॅमसारख्या भागात, उलटा त्रास होतो. सिग्नल इतका जोरदार की ट्यूनर गुदमरतो, आणि चित्र अगदी कमजोर सिग्नलसारखंच तुटतं. मग लोक बूस्टर लावतात आणि उरलंसुरलंही जातं. इथे सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर लावायचा: 6, 12 किंवा 18 डेसिबलचा छोटा तुकडा, किंवा फिरवता येणारा. तो लावल्यावर गुणवत्ता वाढली, तर निदान बरोबर.

जोडणीतला आळस

वायर सोलताना बाहेरच्या जाळीचा एखादा केस आतल्या तारेला टेकला की शॉर्ट होतं. बूस्टर असेल तर त्याची वीजही जाते. एफ प्लगमध्ये (फिरवून बसवायच्या प्लगमध्ये) आतली तार प्लगच्या कडेपुढे दोन-तीन मिलिमीटर यावी, जाळी मागे दुमडून मग प्लग आवळावा. टीव्हीच्या पुश-प्लगमध्ये तार नुसती आत सरकवलेली असते आणि काही महिन्यांत ढिली पडते. टीव्ही हलवल्यावर चित्र तुटत असेल तर संशय इथे घ्या. भिंतीच्या दुहेरी सॉकेटमध्ये एक जागा अँटेनाची, एक डिशची असते. चुकीच्या जागी लावलं तर दिवसभर स्कॅन करूनही काही हाती लागत नाही.

बाहेरची वायर घरात शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर घ्यावी, म्हणजे पाणी झोलातून ठिबकून जातं. नाहीतर ते वायरीतून उतरत सॉकेटपर्यंत येतं. प्लग उघडल्यावर तांबं हिरवं किंवा काळं दिसलं, तर तेवढा तुकडा कापून भागत नाही, वायर बदला. अँटेना पोटमाळ्यावर ठेवली तर छपरात निम्म्याहून जास्त सिग्नल जातो, ओल्या कौलांत आणखी. इन्सुलेशनला चंदेरी फॉइल असेल किंवा वर सोलर पॅनेल असतील तर नादच सोडा. धुराड्यावर स्वतः चढू नका, आणि भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्याआधी मालकाला विचारा.

काही बिघडलं की लगेच री-स्कॅन

हवेचा दाब वाढलेला असताना, विशेषतः उन्हाळ्यात आणि शरदात, लांबच्या मनोऱ्यांचे सिग्नल, कधी खाडीपलीकडच्या युरोपातलेसुद्धा, वाकून इथवर येतात आणि आपल्या चॅनलवर बसतात. काल ठीक असलेला टीव्ही आज सगळीकडे तुटतो. अशा दिवशी स्कॅन केलं तर टीव्ही न सापडलेले चॅनल यादीतून पुसून टाकतो. काहीही करू नका, हवा बदलली की आपोआप येतं.

दोन मनोऱ्यांच्या मध्ये राहत असाल तर स्कॅन चुकीचा प्रदेश उचलतो: बातम्या भलत्याच भागाच्या, आणि आपले चॅनल 800 च्या पुढे फेकलेले. स्लाऊकडे हॅनिंग्टनच्या मनोऱ्याचे सिग्नलही पोचतात, पण त्याचे मुख्य चॅनल चाळिशीच्या आसपास आहेत. म्हणून क्रिस्टल पॅलेस हवा असेल तर असं करा. अँटेनाची वायर काढा, पूर्ण स्कॅन चालवा, म्हणजे यादी रिकामी होते. वायर परत लावून पुन्हा स्कॅन सुरू करा, आणि पडद्यावर चॅनल 30 पार झालं की वायर ओढून काढा. स्कॅन संपू द्या, मग वायर लावा. टीव्हीत हाताने ट्यून करायची सोय असेल तर त्याहून सोपं: 22, 23, 25, 26, 28 आणि 30 एकेक करून घ्या.

एकच गठ्ठा सतत वाईट असण्याचं कारण बहुधा घरातच मिळतं. स्वस्त एचडीएमआय केबल, टीव्हीमागची यूएसबी हार्डडिस्क, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर. एकेक बंद करून गुणवत्तेचा आकडा बघा. फ्रिज सुरू होताना क्षणभर चित्र तुटत असेल तर बहुतेक वेळा वायरीचं कवच कमी पडतंय. जवळ नवा मोबाइल टॉवर उभा राहिल्यापासून त्रास सुरू झाला असेल, विशेषतः बूस्टर असलेल्या घरात, तर 4जी-5जी अडवणारा फिल्टर बूस्टरच्या आधी बसवावा लागतो, नंतर नाही. हा फिल्टर विकत घेण्याआधी रिस्टोअर टीव्हीकडे चौकशी करा. मोबाइल सिग्नलमुळे फ्रीव्ह्यू बिघडलेल्या घरांना ती सेवा विनामूल्य मदत करते.