‘तीन दिवस झाले, फ्रीझर बंद आहे’ हे इंग्रजीत लिहिताना

रत्नागिरीत मासळी निर्यातीच्या एका कार्यालयात मी नोकरीला लागलो, तेव्हा परदेशी खरेदीदारांच्या ईमेलना उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे आले. एकदा आमचा फ्रीझर तीन दिवस बंद होता आणि दुरुस्तीही व्हायची होती, म्हणून मी लिहिले, ‘वी हॅड अ प्रॉब्लेम विथ द फ्रीझर फॉर थ्री डेज’. खरेदीदाराने त्याचा अर्थ योग्यच लावला: अडचण होती, तीन दिवस टिकली, आता संपली. न्हावा शेवा बंदरातून निघालेला रिकामा रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाशी उभा राहिला, आणि त्याच्या खोळंब्याचे भाडे आम्हाला भरावे लागले.

तिथे ‘वी हॅव हॅड’ हवे होते. एकापुढे एक आलेले ते दोन शब्द मला बरेच दिवस तोतरेपणासारखे वाटत, हे कबूल करतो. पहिला ‘हॅव’ अडचण आजपर्यंत येऊन पोहोचली आहे असे सांगतो, दुसरा ‘हॅड’ हे मूळ क्रियापदाचे तिसरे रूप असते.

आपली चूक होते ती मराठीच्या सवयीमुळे. ‘सोमवारपासून फ्रीझर बंद आहे’ यात साधा वर्तमानकाळ पुरतो, म्हणून आपण ‘इज नॉट वर्किंग सिन्स मंडे’ लिहितो. इंग्रजीला ‘हॅज नॉट बीन वर्किंग सिन्स मंडे’ लागते. शिवाय आपला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, सोमवारपासून आणि तीन दिवसांपासून. त्याआधी वार, तारीख किंवा वेळ असेल तर ‘सिन्स’ आणि दिवसांची मोजणी असेल तर ‘फॉर’ घ्यावे. ‘सिन्स थ्री डेज’ हे कोकणातल्या कार्यालयांतून जाणाऱ्या ईमेलमध्ये मला अजूनही सर्रास दिसते.

दुसरी खोच अशी, की मराठीत ‘मेकॅनिक काल आला आहे’ हे वाक्य खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’ आले की ‘हॅज कम’ जाते आणि ‘केम’ येते, कारण काल संपलेला असतो. त्यामुळे एकाच ईमेलमध्ये दोन्ही काळ लागतात: ‘द फ्रीझर हॅज बीन डाउन सिन्स मंडे. द मेकॅनिक केम यस्टरडे, बट ही हॅज नॉट फाउंड द फॉल्ट येट.’

पाचव्या दिवशी फ्रीझर सुरू झाला, तेव्हा मी खरेदीदाराला पुन्हा ‘वी हॅड अ प्रॉब्लेम’ असेच लिहिले, फक्त तीनचे पाच दिवस केले.