जुन्या बीटलला दम आणायचाय? मोठे कार्ब जरा नंतर घ्या

जुन्या फोक्सवॅगन बीटलला मोठे कार्ब (कार्बोरेटर, हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) लावले की गाडी पळते असं ज्याला वाटतं त्याला मी नावं ठेवणार नाही, कारण मी स्वतः तेच केलं होतं. स्टॉक म्हणजे कारखान्यातलंच १६०० इंजिन, स्टॉक कॅम (वॉल्व उघडणारा दांडा), मागे जुनाच सायलेन्सर आणि वर दोन चकचकीत वेबर ४० आयडीएफ कार्ब. आवाज असा की लोक खिडकीत येऊन बघायचे आणि गाडी मात्र चढावर आधीपेक्षा मंद. मग सहा महिने एकेक गोष्ट उलगडत बसलो तेव्हा कुठे कळलं की हे काम कुठल्या क्रमाने करायचं असतं, तोच क्रम खाली लिहितोय.

मी बोलतोय ते एअर-कूल्ड टाइप १ इंजिनाबद्दल, म्हणजे बीटल, कारमन घिया आणि जुन्या बसमध्ये जे होतं ते. सुबारू वगैरे वॉटर-कूल्ड बॉक्सरवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

आधी हातात काय आहे ते बघा. नंतरचं १२०० सीसी इंजिन कारखान्यातून ३४ हॉर्सपॉवर घेऊन निघायचं, १३०० चं ४०, १५०० चं ४४ आणि १९७१ मॉडेलपासूनचं ड्युअल पोर्ट १६०० म्हणजे १५८४ सीसी ते ५०, तेही ४००० आरपीएमला. इंजिन कमी ताकदीचं का, तर मुद्दाम तसं ठेवलंय. दिवसभर फुल थ्रॉटलवर चाललं तरी जळू नये म्हणून त्याला श्वासच कमी घेऊ दिलाय. चार सिलिंडर दोन बाजूंना आडवे, मधे एकच छोटा कार्ब, तिथून दोन्हीकडे लांबलचक बारीक पाइप, आणि १९७१ च्या आधीच्या हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) तर दोन सिलिंडरमध्ये मिळून एकच इनटेक पोर्ट, म्हणजे हवा आत यायची वाट; ड्युअल पोर्टला प्रत्येकाची वेगळी. जर्मनीत ओएट्टिंगर नावाच्या माणसाने १९५० च्या दशकातच ओक्रासा किट विकायला काढलं होतं, दोन कार्ब आणि ड्युअल पोर्ट हेड, म्हणजे कारखान्याने बीटलला जे ड्युअल पोर्ट हेड १९७१ मॉडेलला दिलं ते त्याने वीसेक वर्षं आधी केलं होतं. सांगायचं म्हणजे दुखणं कुठे आहे हे तेव्हापासून माहीत आहे. श्वास मोकळा करायचा. पण श्वास वाढला की उष्णताही वाढते आणि ती काढायला इथे रेडिएटर नाही, फक्त हवा आणि ऑइल. म्हणून आधी हरवलेली पॉवर परत मिळवा, मग गरमीचा बंदोबस्त करा, आणि पॉवर वाढवायचं त्यानंतर.

हरवलेली पॉवर म्हणजे काय ते सांगतो. पन्नास वर्षांच्या इंजिनात ५० घोडे उरलेले नसतात, ३५ असले तरी नशीब. कॉम्प्रेशन गेज घ्या, इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून स्टार्टर फिरवा. आकडा किती येतो यापेक्षा चारही आकडे जवळजवळ आहेत का ते महत्त्वाचं, एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा २० पीएसआयने खाली असेल तर वॉल्व किंवा रिंग गेलीय. तीन नंबर आधी बघा, तो का ते पुढे येतंय. सगळेच १०० च्या खाली असतील तर हा लेख इथेच थांबवून इंजिन खोलायचा विचार करा, दमलेल्या इंजिनाला कार्ब आणि हेडर (मोकळे एक्झॉस्ट पाइप) लावून काही होत नाही.

एंड प्ले, म्हणजे क्रँकशाफ्ट पुढे-मागे किती सरकतो, तेही बघा. मागची क्रँक पुली हाताने धरून पुढे-मागे ओढा, ठक ठक हललेलं जाणवलं तर डायल गेज लावून मोजा, ०.०७ ते ०.१३ मि.मी. ठीक, ०.१५ च्या वर गेलं की मेन बेअरिंग किंवा केसचं (इंजिनाच्या मुख्य खोक्याचं) काम निघालं. दोन मिनिटांची तपासणी आहे आणि बरेच जण हीच सोडतात.

टॅपेट, म्हणजे वॉल्वची गॅप. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं, तासभर थांबलं म्हणजे थंड झालं असं नाही. नंतरच्या बहुतेक इंजिनांना इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही ०.१५ मि.मी. फायरिंग ऑर्डर १-४-३-२ आहे त्यामुळे एक नंबरवर सेट केल्यावर पुली उलटी म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध अर्धा-अर्धा फेरा फिरवत गेलात की सरळ १, २, ३, ४ असा क्रम लागतो, डोक्याला ताप नाही. थोडा आवाज आला तरी चालेल, गॅप घट्ट नको, कारण एक्झॉस्ट वॉल्व नीट टेकला नाही की त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि तो जळतो. एखाद्याच वॉल्वची गॅप दर वेळी कमी झालेली सापडत असेल तर तो वॉल्व ताणला जातोय, त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडायच्या आत हेड काढा.

टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते, याबद्दल लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. बॉशचा ००९ डिस्ट्रिब्युटर स्वस्त आणि मजबूत म्हणून सगळीकडे बसवलेला दिसतो, पण त्यात व्हॅक्युम अॅडव्हान्स (इंजिनावरच्या ओझ्यानुसार ठिणगीची वेळ बदलणारी सोय) नाही, आणि एकच ३४ पिक्ट-३ कार्ब असेल तर पॅडल दाबल्यावर गाडी क्षणभर गुदमरते. तो फ्लॅट स्पॉट जेट बदलून जाता जात नाही. सिंगल कार्बला व्हॅक्युमवाला डिस्ट्रिब्युटर लावा, ००९ ड्युअल कार्बसाठी ठेवा. आणि आयडलला टायमिंग लावून गप्प बसू नका, ३००० च्या वर रेव्ह करून टायमिंग लाइटने टोटल अॅडव्हान्स (ठिणगी एकूण किती आधी पडते ते) बघा, २८ ते ३२ डिग्रीच्या मधे हवा. पुढे ओढला तर पिकअप छान वाटतो खरा, पण इंजिन मागे, फॅनचा आवाज, नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकल्याचा ठोका) झालेलं ऐकूच येत नाही आणि एक दिवस पिस्टनला भोक.

अजून एक छोटी गोष्ट, सिंगल कार्बच्या मॅनिफोल्डखालून जी बारीक नळी जाते तिच्यातून एक्झॉस्टचा गरम वायू फिरतो, पेट्रोल थंड पाइपात थिजू नये म्हणून. ती कार्बनने चोंदलेली असते, जवळपास नेहमीच. इंजिन तापल्यावर ती दोन्हीकडे हाताला गरम लागली पाहिजे (जपून). चोंदली असेल तर मॅनिफोल्डवर बाहेरून दव आणि कधी बर्फसुद्धा दिसतो, आणि माणूस बिचारा कार्ब खोलून बसतो.

एवढं केल्यावर गाडी चालवून बघा. निम्म्या लोकांचं समाधान इथेच होतं.

आता गरमी. जुन्या इंजिनात ऑइल कूलर फॅनच्या डब्यातच उभा असतो, बरोबर तीन नंबरच्या हवेच्या वाटेत, म्हणून तीन नंबरला तापलेली आणि कमी हवा मिळते आणि सगळ्यात आधी तोच मरतो. १९७१ मॉडेलपासून कूलर बाहेर काढून वेगळ्या खोक्यात बसवला, त्याला डॉगहाउस म्हणतात. जुनं इंजिन असेल तर पॉवरवर एक पैसा घालायच्या आधी डॉगहाउस शराउड (फॅनचा डबा) बसवा. मग पत्रे. इंजिनभोवतीचे सगळे पत्रे आणि इंजिन बेच्या कडेचं रबर सील ही शोभेची वस्तू नाही, वरची थंड हवा आणि खालची गरम हवा वेगळी ठेवायचं काम ते करतात, एक तुकडा कमी असला तरी फॅन तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. थर्मोस्टॅट आणि फ्लॅप काढून टाका असा सल्ला हमखास मिळतो, काढू नका, थंड इंजिन जास्त झिजतं.

ऑइल फक्त अडीच लिटर, आणि फिल्टर नाही, नुसती जाळी. त्यामुळे इंजिन खोललंच तर केसला आटे पाडून फुल-फ्लो फिल्टर लावून घ्या, माझ्या मते या इंजिनावर केलेला सगळ्यात शहाणा खर्च हाच आहे, त्याने पॉवर एका घोड्यानेही वाढत नसली तरी. ऑइल टेंपरेचर गेज पण लावा. १०० च्या आसपास ठीक, ११० ला पाय उचला, १२० च्या वर तसंच पळवू नका. खाली लटकणारा जादा सम्प (ऑइलचा डबा) मिळतो, ऑइल वाढतं हे खरं पण गाडी खाली केलेली असेल तर पहिल्याच स्पीडब्रेकरला हिशोब चुकता.

यानंतर श्वास. आधी एक्झॉस्ट, मग कार्ब. फोर-इन्टू-वन हेडर १७७६ सीसीपर्यंत १⅜ इंच पाइपचा पुरतो, त्याहून जाडा पाइप लावला की खालचा टॉर्क जातो आणि शहरात गाडी मेल्यासारखी चालते. हीट एक्स्चेंजर काढून साधे पाइप लावायचा मोह होतो, पण मग केबिनचा हीटर आणि काचेवरचं धुकं घालवायची सोय दोन्ही गेलं.

कार्बमध्ये स्टॉकच्या जवळच्या १६०० ला दोन सिंगल-बॅरल कार्ब, वेबर ३४ आयसीटी किंवा कॅड्रॉन, भरपूर झाले. वेबर ४० आयडीएफ किंवा डेलॉर्टो ४० म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा बॅरल, ते मोठ्या कॅमबरोबर खुलतात, आणि माझी चूक नेमकी तीच होती. स्टॉक कॅम आणि स्टॉक सायलेन्सर असताना एवढे मोठे घसे उघडले की हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट मिसळत नाही. दोन कार्ब लावलेत की सिंक्रोनाइझ करणं आलं, एअरफ्लो मीटर घ्या, कानावर विसंबू नका. आणि बॉक्सरची खास गंमत, इंजिन तापलं की दोन्ही बाजूंना रुंद होतं, म्हणजे डाव्या-उजव्या कार्बमधलं अंतरच बदलतं! थंड इंजिनावर लिंकेज घट्ट लावलंत तर गरम झाल्यावर एक कार्ब आधी उघडणार आणि आयडल वर जाणार. म्हणून सेटिंग कायम पूर्ण तापलेल्या इंजिनावर.

खरी पॉवर मात्र सीसीमध्ये आहे. स्टॉक बोअर ८५.५ मि.मी., स्ट्रोक ६९. ८७ चे पिस्टन-बॅरल केस न कापता बसतात आणि १६४१ सीसी होतात, ८८ पण तसेच बसतात (१६७९) पण भिंती इतक्या पातळ की मी कोणाला सुचवणार नाही. ९०.५ म्हणजे १७७६, त्यासाठी केस आणि हेड दोन्ही मशीनवर कापावे लागतात, पण भिंत जाड राहते आणि रोज चालवायच्या गाडीला माझ्या मते हेच सगळ्यात बरोबर माप. ९४ म्हणजे १९१५, तिथून पुढे गरमीचा खेळ अवघड होत जातो.

बोअर वाढवलं की कॉम्प्रेशन आपोआप वाढतं, इथे बरेच जण फसतात. स्टॉक १६०० मध्ये एका सिलिंडरचे ३९६ सीसी, वर उरलेली जागा साधारण ६१ सीसी, म्हणजे ७.५ ला १. आता १७७६ मध्ये सिलिंडर ४४४ चा झाला, वरची जागा तेवढीच ठेवली तर (४४४ + ६१) भागिले ६१, म्हणजे ८.३. साध्या पेट्रोलवर एअर-कूल्डला एवढं पुरे, त्यावर हेड घासून अजून वाढवायला जाऊ नका. हेडमधला चेंबर ब्युरेटने (मापाच्या नळीने) मोजा, डेक हाइट (पिस्टन पूर्ण वर आल्यावर सिलिंडरच्या कडेपासूनचं अंतर) १ ते १.५ मि.मी. मध्ये ठेवा. हेडचे नट टॉर्क रेंचनेच, १० मि.मी. स्टडला ३२ न्यूटन-मीटर आणि ८ मि.मी. ला २५, जास्त आवळलं तर मॅग्नेशियमच्या केसमधून स्टडच उपटून येतो.

कॅममध्ये एंगल कंपनीचा डब्ल्यू१०० सौम्य, डब्ल्यू११० थोडा तिखट. ११० आणि दोन ४० चे कार्ब आणि १७७६, हे त्रिकूट नीट जमलं तर ८०-९० घोडे मिळतात आणि गाडी ओळखू येत नाही. नवीन कॅमबरोबर लिफ्टर (कॅमवर टेकणारे भाग) नवेच, आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडल करायचं नाही, थेट २००० आरपीएम धरून वीस मिनिटं, झिंकवालं ब्रेक-इन ऑइल घालून. स्टॉक क्रँकला काउंटरवेट नाहीत त्यामुळे रोज ५००० च्या वर फिरवायचं असेल तर काउंटरवेटेड क्रँक घ्या आणि सगळं फिरणारं सामान एकत्र बॅलन्स करून घ्या.

बाकीचं पटकन. १८० मि.मी. क्लच असेल तर २०० चा लागेल, त्याला फ्लायव्हीलही तसंच. गिअरबॉक्सला ३.८७५ चा फायनल ड्राइव्ह मिळाला तर हायवेला इंजिन शांत चालतं. पुढे डिस्क ब्रेक बसवा, चारी ड्रम ३४ घोड्यांसाठी ठीक होते. मागे स्विंग अॅक्सल (चाकासकट वर-खाली झुलणारा) असेल तर वळणात एकदम अॅक्सिलरेटर सोडू नका, मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते.

सुबारूवाल्यांनो, तुमचं तापमान रेडिएटर सांभाळतो पण हिशोब तोच. जुन्या ईजे इंजिनात आधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (दाब कुठून गळतो त्याची तपासणी), ईजे२५ असेल तर हेड गॅस्केट, टायमिंग बेल्टची तारीख, मग मोकळा एक्झॉस्ट. टर्बो असेल तर वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं) लावल्याशिवाय आणि ट्यून केल्याशिवाय बूस्टला (टर्बोच्या दाबाला) हात लावू नका, मिश्रण लीन म्हणजे पेट्रोल कमी झालं की पिस्टनच्या रिंगमधली पट्टी तुटते आणि ते कळतं तेव्हा निळा धूर निघत असतो.

आणि हे सगळं बाजूला ठेवून आज संध्याकाळीच करायचं काम, बीटलच्या कार्बमध्ये जिथून पेट्रोल शिरतं ती पितळेची नळी नुसती दाबून बसवलेली असते, जुनी झाली की सैल होते आणि निसटून पडली तर पेट्रोल सरळ डिस्ट्रिब्युटरवर सांडतं. कितीतरी बीटल अशाच जळाल्यात. नळी हाताने हलवून बघा, हलली तर काढून आटे पाडून स्क्रूची बसवा, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, चांगल्या क्लिपा लावा, आणि मागच्या सीटपाशी फायर एक्स्टिंग्विशर ठेवा. इंजिन बेमध्ये ठेवू नका, आग लागली की तिथे हात पोचत नाही.