जर्मनीत मराठी घर जोडताना: सातारा-सांगलीहून शिकायला निघालेल्यांसाठी

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई माणसं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी, देशभरच्या सोन्या-चांदीच्या पेठांत पसरली आहेत. गावाकडून नवा पोरगा आला की ओळखीच्याच दुकानात उतरतो. तिथंच जेवतो, तिथंच झोपतो, पण पहिल्या दिवसापासून त्याच्या हाताला काम असतं. म्हणून तो कुणाला जड होत नाही. जर्मनीला निघालेल्या मुलामुलींनी हीच रीत डोळ्यापुढं ठेवावी. मराठी घरी नुसते पाहुणे म्हणून गेलात तर दोनदा जेवायला बोलावतील. घरातलं एखादं काम अंगावर घेतलंत तर शिक्षण संपेपर्यंत ते दार उघडं राहील.

ओळख निघायच्या आधीच काढा. नातेवाईक, कॉलेजचे माजी विद्यार्थी, त्या शहरातलं मराठी मंडळ, यांतून एक-दोन घरं सापडतात. व्हिसा हातात आल्यावर एकच निरोप लिहून पाठवा: नाव, गाव, कोर्स, पोचण्याची तारीख, ओळख कुणाकडून मिळाली. राहायची सोय किंवा नोकरी मागत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहा. समोरच्याचं निम्मं अवघडलेपण तिथंच जातं. थेट फोन करायचा मोह टाळा. उन्हाळ्यात भारताचं घड्याळ साडेतीन तास पुढं असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. इथं सकाळी नऊला लावलेला फोन तिथं पहाटे वाजतो.

पोचल्यावरचे पहिले दोन आठवडे कागदपत्रांत जातात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, शिवाय बँक आणि आरोग्य विमा. या धावपळीत घर फारसं आठवत नाही. खरी ओढ लागते ती नोव्हेंबरापासून. वर्गातली नवलाई ओसरलेली असते, घड्याळ एक तास मागं गेलेलं असतं, आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडायला लागतो. म्हणून पहिली भेट ऑक्टोबरातच उरका. मन खचल्यावर अनोळखी घराची बेल वाजवायचं बळ राहत नाही. रविवारी दुकानं बंद असल्यानं घरोघरचा बाजारहाट शनिवारी होतो, तेव्हा रविवारची दुपार बरी. दोन-अडीच तास बसा. बस-ट्रेन रविवारी कमी असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. तिशी-पस्तिशीतल्या जोडप्याला दादा-वहिनी म्हणा, काका-काकू त्याहून मोठ्यांना.

सोबत काय न्यायचं, इथं साताऱ्याची मुलं हमखास चुकतात. कंदी पेढे नेऊ नका. भारतातून युरोपीय संघात येताना प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, कस्टमवाले ते काढून टाकतात. कढीपत्त्यालाही प्रमाणपत्र लागतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर भारतातल्या विमानतळावरच अडतात, कारण खोबऱ्यातलं तेल पेट घेऊ शकतं. त्यापेक्षा अर्धा किलो कांदा-लसणाची चटणी, पाव किलो सांगलीची हळद आणि भडंगाची दोन पाकिटं न्या. चटणीला तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नाहीतर सगळे कपडे लाल.

आता काम. आमच्या मते भाकरीइतकं उपयोगी काम दुसरं नाही, मुलगा असो की मुलगी, निघायच्या आधी शिकूनच जा. ज्वारीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं, पण ते बरेचदा जुनं असतं आणि त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. गार पाण्यात मळलं की थापताना कडा फाटतात. दोन वाट्या पिठाला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी उकळा, चिमूटभर मीठ टाका, पीठ घालून ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मग गरम असतानाच भरपूर मळा. बऱ्याच घरांत विजेची शेगडी असते, त्यामुळं भाकरी जाळावर फुगवता येत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की उलटून घडी केलेल्या फडक्यानं कडा दाबा, तव्यावरच फुगते. महिन्यातून एकदा हे काम तुमचं ठरलं की आमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. याशिवाय लहान मुलांना तासभर मराठी वाचायला शिकवणं, घर बदलताना खोकी उचलणं, फर्निचर जोडायला हात लावणं. पैसे मात्र घेऊ नका. विद्यार्थ्यांच्या कमाईच्या कामाला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्ध्या दिवसांची मर्यादा आहे, आणि पैसा मधे आला की घरोबा राहत नाही.

संबंध तुटतात ते बहुतेक ठरावीक कारणांनी. एक म्हणजे त्यांच्या पत्त्यावर नोंदणी मागणं. जिथं राहत नाही तिथला पत्ता नोंदवणं जर्मनीत बेकायदा आहे आणि दंड घर देणाऱ्यालाही होऊ शकतो. त्यांनी नकार दिला तर मनाला लावून घेऊ नका. दुसरं, गावाकडच्या आईनं वहिनींना दर दोन दिवसांनी फोन करून ‘पोरगं जेवतंय का’ विचारणं. आईला आधीच सांगा, नंबर अडीअडचणीसाठी आहे. आणि दर शनिवार-रविवार जाऊ नका, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. दर सुट्टी तिथंच गेली तर जर्मन बोलणं मागं राहतं, वर्गात मित्र होत नाहीत, आणि एकटेपण सोमवारपासून पुन्हा सुरू होतं.

काही त्रास मात्र भाकरीनं भागत नाही. दोन-दोन आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, परीक्षेला जाणं टळत असेल, तर विद्यापीठाच्या किंवा श्टुडियेरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था) समुपदेशन केंद्रात जा. विद्यार्थ्यांना ही सेवा बहुतेक ठिकाणी मोफत असते आणि बोलणं गुप्त राहतं. जिवावर बेतलं तर 112. भेटीची वेळ घ्यायला भाषा अडत असेल, तर तो एक फोन दादा-वहिनींना शेजारी बसून करायला सांगा.