युरोपचा व्हिसा: फाईल लावताना या चुका टाळा

काका-काकूंची शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) फाईल नामंजूर होऊन आली, तेव्हा काकांचा पहिला प्रश्न होता, "अरे, एकही कागद खोटा नव्हता, मग नाही कशाला म्हणाले?" खोटा नव्हताच. पण एक कागद एक सांगत होता आणि दुसरा दुसरंच.

काकांची पेन्शन महिन्याला अडतीस हजार. खात्यातली शिल्लक वर्षभर लाखाच्या आतबाहेर. आणि अर्जाच्या नऊ दिवस आधी एका दमात जमा झालेले चार लाख! ते त्यांचेच होते, मोडलेल्या एफडीचे. एफडी होती गावातल्या सहकारी बँकेत, आणि तिची पावती फाईलला कुणी जोडलीच नव्हती. अधिकाऱ्याला दिसलं ते एवढंच, की कुणीतरी दाखवण्यापुरते पैसे आणून टाकलेत.

गंमत म्हणजे एफडी मोडायची गरजच नव्हती. पावती आणि बँकेचं शिक्क्याचं पत्र जोडलं असतं तरी भागलं असतं. सहसा तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागतात, काही देश सहा महिन्यांचं. त्यात मोठी रक्कम आलीच असेल, तर ती कुठून आली याचा कागद लगेच मागे लावा: एफडीची पावती, प्लॉट विकल्याचा दस्त, जे असेल ते. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचं तसं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा दाखला द्या. पैसे बाबांच्या खात्यात वळवून ठेवू नका. शेतीचं उत्पन्न आयकर विवरणात ठळक दिसत नाही, म्हणून सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या इंग्रजी भाषांतरासह जोडाव्यात. "खात्यात किती लाख हवेत?" हा प्रश्न मला सगळे विचारतात. सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. दहा दिवसांच्या सहलीचा खर्च तुमच्या कमाईला शोभतो का, हे पाहिलं जातं.

दुसरा घोळ नावांचा, आणि तो आपल्याकडे खास. काकूंचं नाव लग्नात बदललं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. पासपोर्टवर सासरचं नाव, पण एक जुनं खातं अजून माहेरच्या नावाने. अर्जात 'जन्माच्या वेळचं आडनाव' असा वेगळा रकाना असतो. तिथे माहेरचं आडनाव लिहायचं. पुष्कळ जणी तिथेही सासरचंच लिहितात किंवा तो कोरा सोडतात. पहिलं नावच बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, किंवा राजपत्रात नाव बदलल्याची नोंद असेल तर ती, सोबत द्यावी. शिवाय आपल्या बहुतेकांच्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावालाच जोडून छापलेलं असतं. अर्ज, विमा, तिकीट, हॉटेल या सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यातही लोक चुकतात. नियम साधा आहे: जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर जिथून शेंगेनमध्ये शिरणार त्या देशाकडे. मे महिन्यात जायचं असतं, मुंबईत हव्या त्या देशाचा स्लॉट मिळत नाही, मग कुणीतरी सल्ला देतं, "दुसऱ्या देशाचा घ्या, व्हिसा तर एकच." आणि फाईलमध्ये पॅरिसच्या पाच रात्री नि अर्ज भलत्याच देशाकडे! अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. मेमध्ये जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच हालचाल करा.

तारखा जुळवणं कंटाळवाणं काम, पण तेच करावं लागतं. ऑफिसचं रजेचं पत्र शुक्रवारपर्यंतचं आणि परतीचं विमान रविवारचं, हे मी दोनदा पाहिलंय. मधला शनिवार-रविवार सुट्टीचाच असतो हो, पण पत्रात सोमवारी कामावर रुजू होणार असं एक वाक्य घालून घ्या. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद हवा. रात्रीच्या रेल्वेने जाणार असाल तर तेही कार्यक्रमात लिहा. नाहीतर ती रात्र मोकळी दिसते. फाईल दिल्या दिल्या हॉटेल रद्द करायची युक्तीही नको, कारण बुकिंग तपासलं जाऊ शकतं. जर्मनीत शिकणाऱ्या मुलाकडे उतरणार असाल तर त्याचं निमंत्रण, त्याच्या राहण्याच्या परवान्याची प्रत आणि पत्त्याचा पुरावा जोडा. फ्रान्समध्ये नातेवाइकाकडे राहायचं तर त्याला तिथल्या नगरपालिकेकडून यजमानपत्र काढावं लागतं. त्याला वेळ लागतो.

बाकीचं पटकन. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असावा, दोन पानं कोरी. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. घरातल्या भिंतीसमोर मोबाईलवर काढलेला नको. मोठ्यांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत पैसे बुडणारं तिकीट काढू नये.

नकार आलाच, तर सोबतच्या छापील पत्रात कोणत्या कारणापुढे खूण आहे ते आधी वाचा. अपील करता येतं, पण कागदच कमी पडला असेल तर तो जोडून नवा अर्ज करणं बहुधा सोयीचं. जुना नकार लपवू नका, नोंद त्यांच्या संगणकावर पाच वर्षांपर्यंत राहते.

काकांनी तेच केलं. दुसऱ्या खेपेला एक पानी पत्र लिहिलं आणि त्यात सरळ घातलं की चार लाख अमुक बँकेतल्या एफडीचे, पावती पान क्रमांक ११ वर. व्हिसा आला. पासपोर्ट हातात येताच मी स्टिकर पाहिला, तर प्रवेशांच्या जागी '०१', म्हणजे शेंगेनमध्ये एकदाच शिरता येणार. काकांचा बेत झुरिक, मग लंडन, मग पॅरिस असा होता. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढलेला होता, पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. लंडनला गेले असते की हा व्हिसा संपला असता, आणि पॅरिसचं दार बंद. त्या रात्री जेवणं झाल्यावर बसून आम्ही लंडन सहलीच्या शेवटी ढकललं.