गावच्या समित्या चालवता? मग या चुका टाळा

गेली पंधरा वर्षं मी आमच्या गावच्या पाणी आणि स्वच्छता समितीत आहे. यवतमाळकडचं कोरडवाहू गाव, कापूस-तुरीवर जगणारं. आजूबाजूच्या गावांतही हाक आली की जातो, आणि सगळीकडे त्याच त्या चुका दिसतात.

सगळ्यात घातक चूक पाण्याच्या टाकीवर होते. एका वर्षी मृग लागता लागता समितीत नवी पोरं आली, उत्साही, पण घाईची. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, आधी बादलीत कालवायची असते, हे मी सांगितलं. "काका, येवढा टाइम कोनापाशी हाय? डायरेक्ट टाकून देऊ ना," म्हणाले आणि कोरडी पावडर टाकीत ओतली. तिचे गोळे तळाशी बसले. टाकीजवळच्या घरांत पाण्याला इतका वास, की बायांनी हंडे रस्त्यावर ओतले. गावाच्या टोकाला मात्र औषध पोचलंच नाही. आठ दिवसांत तिथल्या चार घरांत हगवण-उलटी. एका सहा वर्षांच्या पोरीला रात्री मोटारसायकलवर दोघांच्या मधात धरून तालुक्याला नेलं. ती वाचली. पण तिचे ते थंड पडलेले पाय माझ्या हातात होते, ते मी विसरलो नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 50 हजारांच्या टाकीला पाव किलो. पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून ढवळायची आणि अर्धा तास ठेवायची. चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत सोडायचं. पुन्हा अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह उघडायचा. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, टाकीखालच्या नळाला करून वहीत टिक मारणारे मला चालत नाहीत. मी गावातल्या शेवटच्या घरी जातो. तिथल्या पाण्याला पिवळी झाक आली तरच सही. आणि पावडरचं पोतं ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात उघडं ठेवू नका. ओल लागली की जोर जातो, उरतो नुसता चुना. घट्ट झाकणाचा ड्रम घ्या.

दुसरी चूक सभेच्या वेळेची. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला सभा लावायची, बाया वावरात, मग संध्याकाळी रजिस्टर घरोघरी फिरवून त्यांच्या सह्या घ्यायच्या. समितीत निम्म्या बाया असायला हव्यात, हा नियम सह्यांसाठी केलेला नाही. नळाला किती वाजता पाणी येतं आणि किती हंडे भरतात, हे त्यांनाच ठाऊक. आम्ही रात्री जेवणं झाल्यावर देवळासमोर बसतो. उशीर होतो, पण होऊ द्यावा. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेतं. एकाचं पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीत. हात वर करून पाच मिनिटांत ठराव उरकणाऱ्यांनी तिथं एकदा जाऊन बसावं.

वर्गणी पावतीशिवाय घेऊ नका, दहा रुपये असले तरी. हिशेब महिन्याच्या महिन्याला फळ्यावर लिहा.

तंटामुक्तीत बांधाचे, धुऱ्याचे वाद जरूर मिटवा. बाईला मारहाण झाली असेल तर समझोत्याला बसवू नका, तिच्यासोबत ठाण्यात जा.

हातात झाडू घेऊन फोटो काढायचा आणि निघून जायचं, हे आमच्या मुलखात तरी शोभत नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. नाल्या पावसाच्या आधी उपसा, आणि उपसलेला गाळ काठावर टाकू नका. पहिल्याच सरीत तो परत आत जातो. आमच्याकडे एक बैलबंडी त्याच दिवशी गाळ उचलायला ठरलेली असते. बंडी मिळाली नाही, तर त्या दिवशी आम्ही नाली उपसत नाही.