मागचे वचन, पुढचे वचन: आवडत्या असत्यापासून विश्वास कसा जपावा

सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एका आठवड्यात जे काही येते ते नीट पाहिले, तर त्यात विश्वासावर उघड हल्ला करणारे फारच थोडे सापडते. येते ते सूर्योदयाच्या चित्रावर छापलेले वचन, कोणा संदेष्ट्याची ध्वनिफीत, अमुक महिन्यात तुमच्या घरात चमत्कार होणार असे भाकीत, आणि खाली 'आमेन लिहा, आजच आशीर्वाद मिळेल' अशी सूचना. ख्रिस्ती माणसाला आज खरा धोका आहे तो वचनाचा तुकडा हातात घेऊन येणाऱ्या आणि आपल्याला मनातून हव्याच असलेल्या असत्याचा, असे माझे मत आहे. पुढे सांगितलेली रीत प्रामुख्याने त्या जातीच्या असत्यासाठी आहे.

सुरुवात स्वतःच्या मनापासून करावी. एखादा संदेश कानावर पडताच 'हेच तर मला ऐकायचे होते' असे वाटले, तर तो खोटाच आहे असे नाही, पण तपासणी तेथूनच सुरू व्हावी. यिर्मयाच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल आणि बाबेलच्या राजाने मंदिरातून नेलेली पात्रे परत येतील. यावर यिर्मया आधी 'आमेन, परमेश्वर असेच करो' असे म्हणतो, कारण ती वार्ता खरी ठरावी असे त्यालाही वाटत होते. मात्र आपल्याला हवे आहे आणि देवाने सांगितले आहे या दोन गोष्टी त्याने एक होऊ दिल्या नाहीत. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू हनन्याने मोडले, तेव्हा यिर्मया भांडत बसला नाही, निघून गेला, आणि देवाचे वचन मिळाल्यावरच परतला. लाकडाच्या जागी आता लोखंडाचे जू येईल असे ते वचन होते. लगेच पुढच्या अध्यायात यिर्मया बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पत्र लिहितो की घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, कारण सत्तर वर्षे तेथेच काढायची आहेत. दिनदर्शिकेवर, लग्नपत्रिकेवर आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी हमखास दिसणारे 'तुमच्या हिताचे संकल्प' हे वचन (यिर्मया २९:११) याच पत्रात आहे, आणि सत्तर वर्षांची गोष्ट त्याच्या अगदी आधीच्या वचनात आहे. ते वचन वापरू नये असे माझे म्हणणे नाही. पण ज्याने फक्त अकरावे वचन वाचले, त्याच्या हाती यिर्मयाच्या नावावर हनन्याचाच संदेश पडण्याची शक्यता मोठी असते.

सांगलीच्या बाजारात हळदीचा जाणता खरेदीदार पॉलिश केलेल्या हळकुंडाच्या चकाकीवर जात नाही, ते मोडून आतला रंग पाहतो. वचनाच्या बाबतीत मोडून पाहणे म्हणजे त्याच्या मागचे आणि पुढचे वाचणे. यासाठी शक्यतो छापील पवित्र शास्त्र उघडावे, कारण पडद्यावर वचन एकटे उभे असते, तर पानावर ते आपल्या शेजाऱ्यांसह दिसते. तो अख्खा अध्याय सावकाश वाचावा. बोलणारा कोण आहे, तो कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलत आहे, आणि ज्या अटीसह ते अभिवचन दिले आहे ती अट संदेशातून गळली तर नाही ना, एवढे पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. या खटाटोपाची गरज कोणाला अवाजवी वाटत असेल, तर त्याने मत्तयाचा चौथा अध्याय पाहावा. मंदिराच्या शिखरावर सैतान प्रभूला ९१वे स्तोत्र ऐकवतो, आणि ऐकवताना 'तुझ्या सर्व मार्गांत तुझे रक्षण करावे' हे शब्द वगळतो. सर्प तुडवला जाण्याचा उल्लेख असलेले पुढचे वचन येण्याआधीच तो थांबतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. प्रभू त्याला उत्तर देतो तेही वचनानेच, अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून. एका वचनाचा अर्थ दुसऱ्या वचनाविरुद्ध लावता येत नाही, हा त्या उत्तराचा रोख आहे.

हीच रीत एका नेहमीच्या सांत्वनाला लावून पाहू. आजारी माणसाच्या खाटेशेजारी उभे राहून 'देव आपल्या शक्तीपलीकडे दुःख देत नाही' असे सांगितले जाते आणि आधार म्हणून १ करिंथ १०:१३ दिले जाते. तो अध्याय रानात मोहाला बळी पडलेल्या इस्राएलाविषयी आहे, आणि चौदावे वचन मूर्तिपूजेपासून दूर पळण्यास सांगते. म्हणजे तेथे विषय मोहाचा आहे, कर्करोगाचा किंवा कर्जाचा नाही. उलट २ करिंथ १:८ मध्ये ही दोन्ही पत्रे लिहिणारा प्रेषित पौल स्वतः लिहितो की आसिया प्रांतात आमच्यावर आमच्या शक्तीपलीकडे भार पडला, इतका की जगण्याचीही आशा उरली नाही. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, परंतु ऐकणारी बाई घरी जाऊन विचार करते की मला हे सोसत नाही, त्या अर्थी माझाच विश्वास कमी असला पाहिजे. गोड असत्याचा भुर्दंड बहुतेक वेळा असा दुबळ्या माणसाला बसतो. काही वाक्ये तर पवित्र शास्त्रात मुळीच नसतात. 'प्रयत्नांती परमेश्वर' या आपल्या म्हणीचा आशय अध्याय-वचनाचे आकडे लावून फिरताना दिसला, तर ते आकडे उघडून पाहावेत. तेथे भलतेच काही निघते.

प्रत्येक जण सर्व पुस्तकांत पारंगत होईल अशी अपेक्षा करता येत नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. उपासनेत आपण म्हणतो तो प्रेषितांचा विश्वासांगीकार पाठ असला तरी पुष्कळ काम भागते, फक्त तो घाईने उरकण्याऐवजी ऐकणाऱ्या शिकवणीशेजारी ठेवण्याची सवय लावून घ्यावी. ही शिकवण येशूला केवळ थोर गुरू ठरवते का? वधस्तंभ वगळून नुसती भरभराट देते का? पंतय पिलाताचे नाव त्या अंगीकारात उगाच आलेले नाही. आपला विश्वास इतिहासातील एका काळाशी, एका अधिकाऱ्याच्या कारकिर्दीशी बांधलेला आहे, ही त्यातील नोंद आहे. चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाच्या अरियस या वडिलाने ख्रिस्त हा निर्माण केलेला आहे, अनादी नाही, असे शिकवले आणि ते पसरवण्यासाठी खलाशी व जात्यावर काम करणारे यांच्या ओठांवर बसतील अशी गीते रचली, असे जुने इतिहासकार सांगतात. त्या वादावर इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे सभा भरली आणि पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे हे मंडळीने शब्दांत बांधून ठेवले.

येथे उलट बाजूची एक चूकही सांगितली पाहिजे. जे अनोळखी किंवा देशी दिसते ते सर्व खोटे, असे समजणारेही आपल्यात आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा ख्रिस्तभक्तीला भारतीय रूप देण्याचा त्यांचा आग्रह सर्वांना रुचणारा नव्हता. आज त्यांची पदे आणि अभंग वगळून मराठी उपासनेची कल्पनाही करवत नाही. चाल अरियसचीही गोड होती आणि टिळकांचीही गोड आहे. कसोटी शब्दांना लावायची असते, मग ते गिटारवर गायले जावोत की टाळ-मृदंगावर.

आता चंगाईविषयी थोडे विस्ताराने. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे, मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावणे हे याकोबाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे, आणि देव बरे करतो यावर शंका घेण्याचे कारण नाही. असत्य सुरू होते ते पुढच्या वाक्यापासून: गोळ्या सोड, नाहीतर तुझा विश्वास अपुरा ठरेल. पौलाने 'शरीरातील काटा' म्हटलेला त्रास दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत शहरात आजारी असताना मागे ठेवले. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. आणि त्याच्या सोबत्यांत 'प्रिय वैद्य लूक' होता. या चौघांना अविश्वासी ठरवल्याशिवाय ती शिकवण उभी राहू शकत नाही. आपल्या भागाला तर हे निराळे सांगण्याची गरज पडू नये. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभे केले, आणि प्रार्थना व शस्त्रक्रिया या दोन्ही गोष्टी एका छताखाली चालू शकतात हे येथील कित्येक पिढ्यांनी पाहिले आहे. रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग किंवा फिट्स यांचे औषध कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. बरे वाटत असल्यास आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि मग साक्ष द्यावी. कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर प्रभूनेही त्याला आधी याजकाकडे दाखवायला पाठवले होते.

पैशाबाबत सोपी खूण आहे. ३ योहानाच्या दुसऱ्या वचनात गायसाला लिहिलेल्या पत्राच्या आरंभी त्याची भरभराट व्हावी, प्रकृती चांगली राहावी अशी शुभेच्छा आहे. आपण पत्राच्या सुरुवातीला खुशाली लिहितो तशी. तिच्यावर 'बी पेरा, शंभरपट घ्या' असा व्यवहार उभा करणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: हिशेब कोठे वाचला जातो? मंडळीत खजिनदाराला वार्षिक सभेत उभे राहून जमाखर्च सांगावा लागतो आणि एखादा ज्येष्ठ सभासद चहाच्या खर्चावरूनही त्याला छेडतो. पडद्यावर क्यूआर कोड दाखवणाऱ्याला कोणी छेडू शकत नाही. तारखांचे भाकीत तर त्याहून लवकर निकालात काढता येते. विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी प्रभूच्या आगमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता, हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असे सांगणारे मत्तय २४:३६ दोन्ही वेळी जागच्या जागीच होते.

जे असत्य आपल्या बाजूचे भासते ते ओळखणे सर्वांत अवघड. यहोशवाच्या दहाव्या अध्यायातील थांबलेला सूर्य नासाच्या संगणकाने सिद्ध केला, हा मजकूर अनेक दशके फिरत आहे. नासाने तसे काहीही शोधलेले नाही. असा संदेश खोटा निघाला की ऐकणारा तरुण पुनरुत्थानाकडेही त्याच नजरेने पाहू लागतो. दुसऱ्या समाजाविषयी भडक मजकूर येतो, तेव्हा तो ख्रिस्ती माणसाने पाठवला म्हणून खरा होत नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा अंगठ्याने पुढे ढकलण्यालाही लागू आहे.

याच्या शेजारी येशू काश्मीरला किंवा लडाखला शिकायला आला होता, ही कथा ठेवावी. ती आपल्या मुलांना भुरळ घालते, कारण तिच्यात येशूही राहतो आणि आपला देशही मोठा होतो. मुलाला गप्प करण्यापेक्षा तिचा माग काढून दाखवावा. निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने लडाखमधील हेमिसच्या बौद्ध मठात जुनी पोथी वाचून घेतल्याचा दावा १८९४ मध्ये छापला. त्याच वर्षी प्राच्यविद्येचे अभ्यासक मॅक्स म्यूलर यांनी त्यावर शंका घेतली. १८९५ मध्ये आग्र्याचे प्राध्यापक डग्लस स्वतः मठात गेले, तेव्हा मुख्य लामाने अशी पोथी असल्याचे साफ नाकारले. आणि मार्कच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे लोक काय म्हणतात? हा तर सुतार, मरीयेचा मुलगा, याच्या बहिणी येथे आपल्यातच आहेत. वर्षानुवर्षे परदेशात शिकून आलेल्या माणसाविषयी गाव असे बोलत नाही.

ही तपासणी एकट्याने करू नये. बिरुया या गावचे लोक पौलाचेही बोलणे शास्त्रात दररोज पडताळून पाहत होते, आणि ते एकत्र पाहत होते. चार घरांनी मिळून महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी, त्या महिन्यात आलेले दोन-तीन संदेश कागदावर उतरवून घ्यावेत, तरुणांनी मूळ शोधावे, वडीलधाऱ्यांनी अध्याय वाचावा, आणि जे सुटणार नाही ते पाळकसाहेबांकडे लेखी द्यावे. पाळकांनाही हे आवडते. न आवडल्यास तीही एक माहितीच समजावी.

चुकीचा संदेश पाठवणारी व्यक्ती बहुधा आपलीच आत्या किंवा काकू असते. गटावर सर्वांसमोर खोडून काढल्यास तिचा अपमान होतो आणि ती तोच संदेश दुसऱ्या गटावर नेते. घरी जावे, सलाम करावा, चहा होऊ द्यावा आणि 'काकू, तुम्ही पाठवलेले ते वचन कोणत्या अध्यायात आहे, आपण उघडून पाहू या का?' असे विचारावे. अध्याय तिनेच मोठ्याने वाचावा. तिला तेव्हा पटले नाही तर विषय तेथेच सोडावा. संशयात असलेल्यांवर दया करण्यास यहूदाचे पत्र सांगते. मात्र तिने औषध बंद केले असेल किंवा कोणाला दागिने गहाण ठेवून पैसे पाठवले असतील, तर महिन्याच्या त्या संध्याकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी तिच्या मुला-मुलींना कळवावे, डॉक्टरांकडे तिच्यासोबत स्वतः जावे, आणि पैसे ऑनलाइन गेले असल्यास बँकेला व १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार द्यावी.