महागड्या गाडीत डिझेलची खडखड
थंड इंजिनाची खडखड हा डिझेलचा स्वभावच. सिलिंडर गार असताना इंधन जरा उशिरा, पण एकदम पेट घेतं. म्हणून उभ्या गाडीत रेस देत बसू नका, हलक्या पायाने निघा. इंजिन तापलं की आवाज बसतो. तरीही सिग्नलला स्टिअरिंग थरथरत असेल, तर ब्रेक दाबून ऑटोमॅटिक गिअर 'डी'वरून 'एन'वर घ्या. थरथर लगेच कमी झाली तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, तपासून घ्या. सर्व्हिसनंतर इंजिनखालचं कव्हर नीट बसवलंय ना, हेही बघा. एक स्क्रू राहिला तरी ते खुळखुळतं. आवाज कमी करायला दारांना डॅम्पिंग शीट, म्हणजे थरथर शोषणारे चिकट पत्रे, लावून मात्र फारसं काही साधत नाही. इंजिनाचा आवाज मुख्यतः डॅशबोर्डमागच्या पत्र्यातून आत येतो.